ॲक्टिव्हाची सवय, आता सेकंड हँड पल्सर घेतली आहे. हात कसा बसेल?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहता, आजवर फक्त ॲक्टिव्हा चालवली, आणि आता ओळखीतून २०१७ ची पल्सर १५० घेतली आहे. सिग्नलला ती बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, ठाणे-बेलापूर रोडवर काढायची हिंमत होत नाही, आणि बाइक आपल्याला जमणारच नाही असं वाटू लागलंय.

जमेल. पण आधी एक गोष्ट तपासा: ती बंद पडते तुमच्यामुळे की गाडीमुळे? शोरूममधून आणलेल्या गाडीवर शिकताना हा प्रश्न येत नाही, चुकलं तर आपलंच चुकलेलं असतं. जुन्या गाडीत दोन्ही शक्यता असतात आणि नवशिक्याला त्यातला फरक कळत नाही, म्हणून तो सगळा दोष स्वतःच्या माथी मारून घेतो. मी घणसोलीत राहतो, रोज बाइकनेच कामाला जातो आणि घरातल्या, बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांना बाइक शिकवली आहे. मध्येच धीर सोडणारे जे पाहिले, त्यातल्या बहुतेकांची गाडीच धड नव्हती. ती नीट करून घेतल्यावर तीच माणसं आठवड्याभरात व्यवस्थित चालवू लागली.

म्हणून सुरुवात इथून करा. गाडी चांगली गरम झाली की न्यूट्रलमध्ये उभी ठेवा आणि रेसला हात न लावता दोन-तीन मिनिटं थांबा. आरपीएमचा काटा १४०० च्या आसपास स्थिर राहायला हवा. तो हळूहळू खाली येऊन इंजिन आपोआप गप्प होत असेल तर सिग्नलला बंद पडण्यात तुमचा काही दोष नाही. आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहण्याचा वेग, कमी आहे, कार्बोरेटर साफ करायला झालाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. या पल्सरला दोन स्पार्क प्लग असतात, दोन्ही बघायला सांगा, कारण घाईत एकच बदलून देणारे असतात. टाकीखालचा, पेट्रोल चालू-बंद करायचा कॉकही बघून ठेवा. स्कूटरवाल्यांना तो माहीत नसतो. कॉक बंद राहिला तर गाडी थोडं अंतर नीट जाते आणि मग भर रस्त्यात आचके देत थांबते. आधीच्या मालकाला कायम रिझर्व्हवर ठेवायची सवय असेल, तर पेट्रोल संपताना हाताशी काहीच उरत नाही.

काटा स्थिर असेल आणि क्लच सोडतानाच बंद पडत असेल, तर मग क्लचकडे वळा. इथेही लगेच हाताला दोष देऊ नका. लिव्हर टोकाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळी हलली पाहिजे. बरेच जण केबल आपापल्या हाताला सोयीची वाटेल तशी आवळून किंवा सैल करून ठेवतात. केबल फार सैल असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नाही, गाडी पुढे ओढत राहते आणि उभ्या गाडीत न्यूट्रल सापडता सापडत नाही. उलट, लिव्हर जवळजवळ पूर्ण सोडल्यावर क्लच पकडत असेल तर केबल फार ताणलेली आहे किंवा क्लचच्या प्लेटा झिजल्या आहेत. प्लेटांची खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये थोडी जास्त रेस द्या. इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, असं झालं तर प्लेटा गेल्या. हे तुम्हाला कळणार नाही असं वाटत असेल तर बाइकवर मुरलेल्या मित्राला एक फेरी मारायला लावा. त्याच्याही हाताखाली ती आचके देत असेल तर उत्तर मिळालं.

हँडलचं तसंच. गाडी डगमगते, हात थरथरतात असं वाटतं तेव्हा कधी कधी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला असतो. गाडी उभी असताना पुढचा ब्रेक दाबून तिला मागेपुढे हलवा. हँडलच्या मुळाशी टक्‌टक् लागली तर तो आवळायला हवा. मग डबल स्टँडवर घेऊन, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला आणि हँडल अगदी सावकाश इकडून तिकडे फिरवा. मधोमध येऊन खटकन अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट बदलावाच लागेल. रेस देताना-सोडताना बसणारा धक्का बऱ्याचदा ढिल्या चेनचा असतो.

आणि टायर. याबाबत मी हट्टी आहे. टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. गाडी कमी चाललेली असेल तर नक्षी छान दिसते आणि विकणारा तीच दाखवतो, पण इतक्या वर्षांत रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. कंपनीतून गाडीसोबत आलेलेच टायर अजून असतील तर स्टिकर, सीट कव्हर, हॉर्न यांचा खर्च बाजूला ठेवा आणि पावसाळ्याआधी दोन्ही टायर बदला.

आता तुमचा भाग. ॲक्टिव्हावरून आलेल्या माणसाची खरी धोक्याची सवय डाव्या हातात असते. स्कूटरवर डावा लिव्हर म्हणजे ब्रेक. घाबरल्यावर हात विचार करत नाही, डावीकडचं घट्ट आवळतो, आणि बाइकवर तिथे क्लच आहे. म्हणजे रिक्षा समोर आडवी आली की तुम्ही ब्रेक लावल्याच्या समजुतीत क्लच दाबता आणि गाडी इंजिनची पकड सुटून मोकळी पुढे जाते. ही सवय बदलल्याशिवाय मोठ्या रस्त्याला जाऊ नका, असं मी कळकळीने सांगतो. रविवारी सकाळी सेक्टरमधला आतला, सरळ आणि कोरडा रस्ता पकडा. २०-२५ च्या वेगाने या, ठरवलेल्या झाडाशी उजवा हात आणि उजवा पाय एकत्र वापरा, गाडी थांबत आली की मगच क्लच. कंटाळा येईपर्यंत हेच करा. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. आधी हलकेच घ्या, गाडी पुढे झुकल्याचं जाणवलं की दाब वाढवा. थांबवण्याचं बरंचसं काम तोच करतो, त्यामुळे त्याला घाबरून फक्त पायाने ब्रेक मारणं महागात पडतं. मात्र तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. हँडल वळलेलं असताना किंवा चाकाखाली रेती असताना तो जोरात दाबला तर चाक लॉक होऊन गाडी आडवी होते.

क्लचचा सराव याहून सोपा आहे आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्येही होतो. पहिला गिअर टाका, रेसला हातच लावू नका. दोन्ही पाय जमिनीवर. लिव्हर कणाकणाने सोडत जा. एका जागी इंजिनचा आवाज किंचित खाली येतो आणि गाडी नाक पुढे काढते. तिथेच बोटं थांबवा, गाडीला हातभर सरकू द्या, पुन्हा दाबा. ती जागा डोळे मिटून सापडू लागली की सिग्नलला बंद पडणं थांबतं, कारण ती जागा सापडायच्या आतच लिव्हर सुटते म्हणून गाडी बंद पडत असते. त्यानंतर हाफ क्लच, म्हणजे लिव्हर अर्धवट दाबलेली, आणि मागचा ब्रेक किंचित लावून पायी चालणाऱ्याच्या वेगाने आठचा आकडा काढा. ट्रॅफिकमध्ये नवशिक्याचा तोल जातो तो सरपटत पुढे सरकताना आणि रिक्षांच्या मधून वळताना. सुसाट जाणं त्यामानाने कुणालाही जमतं.

इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत पार्किंगमध्ये फिरवा, मागे घ्या, डबल स्टँडवर चढवा. दीडशे किलोच्या आसपास वजन आहे. ते कुठल्या कोनापर्यंत पेलतं हे उभ्या गाडीत कळलेलं बरं.

सिग्नलला येताना गाडी चालती असतानाच गिअर उतरवत या. पूर्ण थांबल्यावर तिसऱ्यातून पहिल्यावर यायला गिअर कुरकुरतात आणि मग तुमची घालमेल होते. थांबल्यावर मागचं वाहन थांबलेलं आरशात दिसेपर्यंत पहिल्या गिअरमध्येच राहा, मग न्यूट्रल. बंद पडलीच तर क्लच दाबा, सेल्फ मारा, निघा. हॉर्न वाजवणारा दोन सेकंदांनी तुम्हाला विसरलेला असतो.

चढावर गाडी निघत नाही ही पुढची अडचण येईल. त्यासाठी बेलापूरचा पारसिक हिलचा रस्ता छान आहे, सकाळी वर्दळ कमी असते. मागचा ब्रेक दाबून धरा, क्लच पकडेपर्यंत सोडा, थोडी रेस द्या, आणि गाडी जोर लावतेय असं वाटलं की मगच पाय उचला.

ठाणे-बेलापूर रोड मात्र टप्प्याने घ्या. पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर, ऐरोली ते कोपरखैरणे आणि परत. तिथे त्रास देणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: एमआयडीसीतून बाहेर पडणारे ट्रक, उड्डाणपुलाखालून आणि सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यात मिसळणारी वाहनं, डावीकडे अचानक थांबणाऱ्या कंपनीच्या बसेस. कंटेनरच्या शेजारी रेंगाळू नका. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्याला तुम्हीही दिसत नाही. ताशी ४० च्या वेगात सेकंदाला ११ मीटर गाडी पुढे जाते, म्हणजे ‘अरे!’ म्हणेपर्यंत एका बसची लांबी निघून गेलेली असते. पुढच्यापासून त्याहून जास्त अंतर ठेवा. कुणी मध्ये घुसलं तर घुसू दे, पुन्हा मागे व्हा. मागे कुणाला बसवायचं ते हे सगळं अंगवळणी पडल्यावर. बाकीच्या गाड्या फटीतून पुढे जातात म्हणून त्यांच्यामागे जाऊ नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लायसन्स आजच काढून बघा. ते स्कूटरसाठीचं, म्हणजे विदाउट गिअरचं असेल तर त्यावर ही बाइक चालवता येत नाही. गिअरच्या गाडीसाठी लर्निंग काढून ३० दिवसांनंतर टेस्ट द्यावी लागते. अपघात झाला तर विम्याच्या वेळी नेमकं हेच आडवं येतं. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि विमाही तुमच्या नावावर व्हायला हवा. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. जुने ई-चलान बाकी आहेत का ते पैसे पूर्ण देण्याआधी बघायचं असतं, ते राहिलं असेल तर आता बघून विक्रेत्याकडून भरून घ्या. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा नवी सुरक्षा नंबर प्लेट लावली आहे का तेही पाहा. हेल्मेट आयएसआय मार्कचं, स्वतःच्या डोक्याच्या मापाचं आणि नवीनच घ्या. गाडीबरोबर फुकट मिळालेलं वापरू नका, ते आधी कुठे आपटलंय हे बाहेरून कळत नाही.

मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडून ठेवा. कारचा मार्ग चालू राहिला तर तो तुम्हाला अटल सेतूकडे किंवा पुणे एक्सप्रेसवेकडे वळवेल, आणि दोन्हीकडे बाइकला बंदी आहे.

ठाण्याला जायला लागाल तेव्हा विटावा-कळव्याचा रस्ता जवळचा पडतो, पण जोराच्या पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं आणि त्याखालचे खड्डे दिसत नाहीत. पहिला पावसाळा तरी अशा दिवशी ऐरोलीहून लोकल धरा. पहिल्या सरींच्या वेळी रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा पांढरे पट्टे, गटारांची झाकणं आणि कामाच्या जागी टाकलेल्या लोखंडी प्लेटा यांवरून जाताना हँडल सरळ ठेवा आणि ब्रेक त्यांच्या अलीकडेच लावून घ्या.