एलायझात (अँटिबॉडी वापरून प्रोटीन मोजणाऱ्या टेस्टमध्ये) एलडीएच, म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम, भरपूर दिसतंय, अ‍ॅक्टिव्हिटी मात्र कमी. सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) उणे २० अंशांवर ठेवलं होतं. कुठली टेस्ट खरी मानायची?

दोन्ही खऱ्या असू शकतात. एलायझा मोजते ते एन्झाइमचं प्रोटीन. ते काम करतंय की नाही, याच्याशी अँटिबॉडीला देणंघेणं नाही. अ‍ॅक्टिव्हिटी टेस्टमध्ये ३४० नॅनोमीटरला एनएडीएच (एलडीएचच्या अभिक्रियेतला सहायक रेणू) किती वेगाने बनतं किंवा संपतं ते बघतात, म्हणजे तिथे एन्झाइम चालू स्थितीतच हवं.

सीरम उणे २० अंशांवर ठेवलं होतं असं तुम्ही लिहिलंय. माझी शंका तिथेच आहे. एलडीएचचा यकृतात जास्त असणारा प्रकार, एलडीएच-५, गोठवल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी गमावतं, पण अँटिबॉडी त्याला तरीही ओळखू शकते.

सीरमचा रंगही बघा. गुलाबी असेल तर तांबड्या पेशी फुटल्यात, आणि त्यांच्यात एलडीएच खच्चून भरलेलं असतं. त्याने दोन्ही आकडे फुगतात. असं सॅम्पल सरळ बाद करा, करेक्शनच्या फॉर्म्युल्याच्या नादी लागू नका.

एलायझा तपासायला एक सॅम्पल दोन-तीन वेगवेगळ्या डायल्यूशनला (पातळ करून) लावा, प्रत्येकाच्या प्लेटमध्ये दोन विहिरी (खळगे). डायल्यूशनने गुणून मूळ आकडा जुळला तर एलायझा ठीक. जास्त पातळ केल्यावर तो वाढत गेला, तर आधी सीरममधला काहीतरी अडथळा किंवा हूक इफेक्ट (प्रोटीन फारच जास्त असल्याने आकडा उलट कमी दिसणं) होता. मग ज्या टप्प्यापुढे आकडा स्थिरावतो, तेच डायल्यूशन धरा.