टँडम उडीत मुख्य पॅराशूट बिघडले तर काय होते?

आपण विचारले आहे की टँडम स्कायडायव्हिंगमध्ये, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन विमानातून मारलेल्या उडीत, मुख्य पॅराशूट नीट उघडले नाही तर काय होते आणि हा प्रकार कितपत सुरक्षित आहे. माझेच मुख्य पॅराशूट नीट उघडले नव्हते, म्हणून लिहीत आहे.

२०१९ मध्ये मी मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. जळगावात वीजमीटर तपासण्यात हयात घालवलेल्या माणसाने आकाशातून उडी मारावी, ही हौस जावयाची. माझे लक्ष सामानाकडे होते. प्रशिक्षकाने पाठीवरच्या संचाची झडप उघडून पिन तपासली, तेव्हा राखीव पॅराशूटच्या पिनेला लाल दोरा आणि त्यावर शिशाचे चपटे सील दिसले. आम्ही मीटरला पकडीने दाबून लावत असू, अगदी तसेच, आणि त्यावर घडी घालणाऱ्याची खूणही होती. अमेरिकेत राखीव पॅराशूट प्रमाणित रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून घडी घालणाऱ्या तंत्रज्ञाने, गेल्या १८० दिवसांत तपासून नव्याने घडी घातलेले असावे लागते. मी त्या तपासणीच्या नोंदीचे कार्ड मागून तारीख वाचली. प्रशिक्षक हसला, जावई ओशाळला.

१३,००० फुटांवरून बाहेर पडल्यावर काही क्षणांत मागे ड्रोग, म्हणजे लहान पॅराशूट, सुटले. दोघांच्या वजनाने वेग ताशी ३०० किलोमीटरकडे जातो, तो १९० च्या आसपास धरून ठेवणे आणि पुढे मुख्य पॅराशूट बाहेर काढणे ही त्याची कामे. सुमारे ५,५०० फुटांवर झटका बसला आणि आम्ही गरगर फिरू लागलो. वर पाहिले तर दोऱ्यांना रहाटाच्या दोराला पडतो तसा पीळ पडला होता. प्रशिक्षक पाय झाडून तो सोडवू पाहत होता, आणि खालचे एकच पांढरे छप्पर माझ्या डोळ्यांसमोरून पुन्हा पुन्हा जात होते. मनगटावरील उंचीमापकाचा काटा ४,००० फुटांच्या खाली सरकताच त्याने मला हात छातीशी घ्यायला लावले आणि पिळलेले मुख्य पॅराशूट सोडून राखीव उघडण्याच्या मुठी ओढल्या. पोटात खड्डा पडला, मग दुसरा झटका, आणि एकदम शांतता.

खांद्यावरील तीन कड्यांच्या जोडणीमुळे एवढा ताण असलेले पॅराशूटही हाताच्या एका ओढीने सुटते. ही युक्ती अमेरिकी पॅराशूट-निर्माते बिल बूथ यांची. प्रशिक्षकाला काहीच करता आले नाही, तर सुमारे १,९०० फुटांवर अजूनही वेगाने पडत असल्यास एक स्वयंचलित उपकरण राखीव पॅराशूट बांधून ठेवणारा फास कापते. अमेरिकेत टँडमसाठी ते सक्तीचे आहे.

अमळनेरचे माझे साडू हा प्रसंग ऐकून आजही म्हणतात, "तुनी येळ उनी नव्हती." आम्ही एकाच कार्यालयात होतो, सील म्हणजे निव्वळ उपचार, मीटर न तपासताही लावता येते, असे त्यांचे मत, आणि त्यावरून आमचे वीस वर्षे वाजले. माझी वेळ आली होती असे मी मानतो. उडीच्या चार महिने आधी कोणा अनोळखी माणसाने ती घडी घाईत घातली असती, तर वेळ टळली नसती. म्हणून कार्डावरील तारीख विचारायला लाजू नका, आणि दाखवायला कोणी टाळाटाळ करत असेल तर पैसे सोडून घरी या. "दोन पॅराशूट असतात, भीती कसली" असे म्हणणाऱ्याला दुसरे कोणी आणि कधी घडी घातले, एवढेच विचारा.

अर्थात मी एकदाच उडी मारलेला प्रवासी आहे, आणि वर सांगितलेले नियम अमेरिकेतील आहेत. अन्यत्र काय लागू आहे ते त्या त्या ठिकाणी विचारावे. पाठीचे किंवा हृदयाचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. कमरेजवळच्या जोडण्या उडीपूर्वी विमानातच घट्ट करतात. तेव्हा काही ढिले वाटले तर लगेच सांगावे, कोणतीही मूठ किंवा प्रशिक्षकाचा हात धरू नये. उतरताना पाय पुढे उचलून धरावे लागतात. ते मी उशिरा उचलले, आणि उजवा घोटा पंधरा दिवस सुजलेला होता.