टेनिसमध्ये पूर्ण जोर लावूनही चेंडूला वेग येत नाही आणि हात मात्र लगेच भरून येतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा ताकद कमी पडत नाही, मूठ आवळलेली असते. रॅकेट करकचून धरली की मनगट आणि कोपर ताठ होतात आणि सगळा फटका एकट्या दंडावर येतो. खरं तर जोर पाय, कंबर, खांदा असा चढत शेवटी हातात यायला हवा. गोफणीचा दोर लवचीक असतो म्हणूनच दगड लांब जातो, तसंच हे.

घट्टपणा १० पैकी ३-४ पुरे. दोन फटक्यांच्या मध्ये मोकळ्या हाताने रॅकेटचा गळा (हँडल आणि डोकं यांच्यामधला भाग) धरा, म्हणजे खेळणारी बोटं सैल पडतात. फोरहँडला आधी खांदे वळवा. कंबर पुढे फिरली की रॅकेटचं डोकं आपसूक मागे रेंगाळतं, त्याला ओढून आणायला जाऊ नका. चेंडू लागताना मूठ क्षणभर आपोआप घट्ट होते, मुद्दाम आवळावी लागत नाही. व्हॉलीला, म्हणजे चेंडू टप्पा पडायच्या आधीच मारताना, मात्र पकड थोडी पक्की हवी.

सर्व्हिस लाइनवर (जाळी आणि मागची रेषा यांच्यामधल्या आडव्या रेषेवर) उभं राहून हळू रॅली करा, फटक्याबरोबर श्वास सोडा. (कोर्टवर ओरडणारे अगदीच उगाच ओरडत नाहीत. निदान सगळे तरी.)

हँडलही बघा. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट मावायला हवं. मुंबईच्या घामात ओव्हरग्रिप (हँडलवर गुंडाळलेली पट्टी) गुळगुळीत झाली की माणूस नकळत मूठ आवळतो, म्हणून ती पट्टी वेळेवर बदला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर आधी खेळ थांबवून फिजिओला दाखवा.