पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं असतं का? ते परत उभं राहतं का?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात मालवणला स्नॉर्कलिंग करताना खडकांवर पांढरेफटक गोटे दिसले, ते प्रवाळ मेलं का? आणि तुटलेले तुकडे सिमेंटवर चिकटवून तुमच्यासारख्या हौशी मंडळींना काही करता येईल का?

मेलेलं प्रवाळ फार दिवस पांढरं राहत नाही. साधारण आठ-पंधरा दिवसांत त्याच्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाची लव चढते. त्यामुळे लख्ख पांढरा गोटा दिसला तर तो एकतर अजून जिवंत आहे किंवा अगदी नुकताच गेलाय. यातलं कोणतं खरं, ते चेहरा पाण्यातच ठेवून मिनिटभर नीट पाहिलं की कळतं.

प्रवाळ हा प्राणी आहे. चुन्याच्या घरात राहणारे इवलेसे पॉलिप, आणि त्यांच्या मांसल पेशींत राहणारं एकपेशीय शैवाल. हे शैवाल प्रकाशावर साखर बनवतं आणि प्रवाळाच्या ऊर्जेचा बहुतांश भाग, काही जातींत ९० टक्क्यांपर्यंत, त्यातूनच येतो. रंगही त्याचाच. पाणी फार तापलं आणि वर कडक ऊन असलं की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, पेशीला घातक असे ऑक्सिजनचे रेणू तयार होतात, आणि प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं. मागे उरते पारदर्शक कातडी आणि तिच्यातून दिसणारा पांढरा चुना. यालाच ब्लीचिंग म्हणतात. म्हणजे प्राणी मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी काही आठवड्यांत निवलं तर शैवाल परत वाढतं आणि रंग काही महिन्यांत भरून येतो. नाही निवलं तर तो भुकेने मरतो. वाचलेलं प्रवाळही पुढचा हंगाम-दोन हंगाम पिल्लावळ कमीच सोडतं, हे मात्र बाहेरून दिसत नाही.

(अंगठीत घालतात ते पोवळं वेगळं. ते खोल पाण्यातलं लाल प्रवाळ, त्याच्यात हे शैवाल नसतं.)

आता ओळखायचं कसं. पांढऱ्या भागावर ओलसर, किंचित बुळबुळीत चकाकी असेल, खळग्यांच्या कडा मऊ दिसत असतील, क्वचित बारीक शुंडकं हलताना दिसतील, तर ते जिवंत आहे. कडा करवतीसारख्या धारदार आणि कोरड्या खडूसारख्या दिसत असतील तर ते गेलंय. गोट्याचा फक्त माथा पांढरा आणि सावलीतल्या बाजू तपकिरी असतील, तर ऊन आणि उष्णता हे कारण जवळपास नक्की. एकाच गोट्यावर तपकिरी भाग आणि शुभ्र डाग यांच्यामध्ये रेघ मारल्यासारखी सीमा असेल तर ते ब्लीचिंग नसावं. रोग असेल, किंवा प्रवाळ खाणाऱ्या गोगलगाईंनी तिथलं मांस खरवडलं असेल. जोडीजोडीने छोटे ओरखडे म्हणजे पोपट माशाचे दात. आणि हे सगळं हात न लावता पाहायचं. बोट फिरवून बघणं हीच सगळ्यात सर्रास होणारी चूक, कारण उपाशी प्रवाळाची कातडी अगदी नाजूक असते.

पाणी किती तापलं की धोका, याचा हिशोब अमेरिकेच्या नोआ संस्थेची प्रवाळ निगराणी शाखा उपग्रहावरून मांडते आणि कुणालाही तो फुकट बघता येतो. त्या ठिकाणचं वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याचं सरासरी तापमान घ्यायचं. त्याच्या वर एक अंश किंवा जास्त गेलं तरच मोजायचं, आणि गेल्या १२ आठवड्यांची बेरीज करायची. समजा ती सरासरी ३० अंश आहे. दोन आठवडे पाणी ३१.५ राहिलं, तर १.५ गुणिले २, म्हणजे ३. पुढे तीन आठवडे ३२ राहिलं, तर २ गुणिले ३, म्हणजे ६. एकूण ९. बेरीज ४ झाली की ठळक ब्लीचिंग अपेक्षित असतं, ८ च्या पुढे मोठ्या प्रमाणावर मरणं सुरू होतं. उपग्रहाचा एक चौकोन सुमारे ५ किलोमीटरचा असतो, म्हणून किल्ल्यामागच्या उथळ, कोंडलेल्या पाण्याचं तापमान त्यापेक्षा वर असू शकतं. कोकणात एप्रिल-मे हे दोन महिने कठीण. पावसाळी ढग आणि वारा आला की समुद्र ढवळला जातो आणि पाणी निवतं. पाऊस वेळेवर येणं शेतीइतकंच प्रवाळालाही लागतं.

परत उभं राहण्याचा प्रश्न मात्र एका गोट्याचा नाही, अख्ख्या वस्तीचा आहे, आणि तिथे लोक चुकीच्या जागी बघतात. किती प्रवाळ मेलं यापेक्षा मेल्यानंतर तिथे काय उरलं याने जास्त फरक पडतो.

हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. १९९८ च्या उष्णतेत तिथलं ९० टक्क्यांहून जास्त प्रवाळ गेलं. पुढे वर्षानुवर्षं मोजलेल्या २१ खडकांपैकी १२ ठिकाणी ते परत आलं, आणि ९ ठिकाणी शेवाळाची शेती झाली. मार सगळ्यांना सारखाच बसला होता. जे सावरले ते जरा खोल होते, त्यांचा सांगाडा खाचाखोचांचा, उंचसखल राहिला होता, तिथे शेवाळ खाणारे मासे जास्त होते आणि छोटी नवी प्रवाळं मुळातच जास्त होती. जिथे सांगाडा कोसळून सपाट खडी झाली, तिथे माशांना लपायला जागा नाही, मासे नाहीत म्हणून शेवाळ वाढतं, आणि शेवाळावर प्रवाळाची अळी, म्हणजे पाण्यात तरंगत येणारं त्याचं पिल्लू, बसत नाही. हे चक्र एकदा बसलं की आपोआप सुटत नाही.

जमैकात तर उष्णतेच्या आधीच हे घडलं. तिथे शेवाळ खाणारे मासे पकडून संपलेले होते आणि सगळी भिस्त काळ्या लांब काट्यांच्या सी अर्चिनवर, म्हणजे काटेरी चेंडूसारख्या दिसणाऱ्या शेवाळखाऊ प्राण्यावर होती. १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडलं, १९८३-८४ मध्ये रोगाने सी अर्चिन मेले, आणि सत्तरच्या दशकात निम्म्याहून जास्त असलेलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन नव्वदीच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्या खाली आलं. एकच काम करणाऱ्या दोन-तीन जाती असणं म्हणजे काय, ते इथे कळतं: एक गेली तर दुसरी ते काम उचलते.

आपल्याजवळ लक्षद्वीप आहे. तिथल्या लोकांची मासेमारी मुख्यतः काठी-गळाने पकडायच्या कुप्याची, म्हणजे ट्यूनाची. खडकावरच्या माशांना फारसा हात लागत नव्हता, म्हणून १९९८ नंतर शेवाळ मोकाट सुटलं नाही. पश्चिमेकडची, लाटा झेलणारी बाजू पूर्वेपेक्षा लवकर भरली. पण २०१० आणि २०१६ ला परत उष्णता आली, २०२४ ला पुन्हा. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या दोन दशकांहून जास्त काळाच्या नोंदींत प्रवाळाचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलेलं दिसतं. मासे आहेत, लाटा आहेत, तरी दोन तडाख्यांमधली वर्षं पुरत नाहीत. तिथे आणखी एक गंमत होते, दुःखद आहे: मेलेल्या टेबलासारख्या प्रवाळावर नवी पिल्लं बसतात, मग एखाद्या पावसाळ्यात ते पोखरलेलं टेबल मोडतं आणि सगळी पिल्लं घेऊन खाली जातं.

मालवणचं प्रवाळ वेगळ्या धाटणीचं. फांद्यांच्या बागा नाहीत, गोलाकार आणि पसरट गोटे जास्त, गढूळ पाण्याला सरावलेले. गढूळपणामुळे ऊन थोडं अडतं, हा फायदा. पण तोच गाळ खडकावर बसला की अळीला चिकटायला स्वच्छ जागा उरत नाही. असे गोटे चिवट असतात आणि वाढतात अत्यंत हळू, वर्षाला प्रत्येक बाजूला साधारण एक सेंटीमीटर. अर्ध्या मीटर रुंदीचा गोटा म्हणजे पाव शतक. नांगर पडून तो फुटला किंवा कुणी त्याच्यावर उभं राहून फोटो काढला, तर तुमच्या हयातीत तो तसाच्या तसा परत होईलच असं नाही. शाखांचं प्रवाळ वर्षाला दहा सेंटीमीटरही वाढतं, म्हणून इतर देशांतले 'पाच वर्षांत बाग फुलली' असले व्हिडिओ बघून मालवणचा हिशोब करू नका.

तुकडे चिकटवण्याबद्दल: स्वतःहून करू नका. एक तर खडक बांधणारं सगळं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; तळाला पडलेला तुकडा उचलणंही गुन्हा ठरतो, आणि मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दुसरं म्हणजे ते बहुतेक वेळा फसतं. मन्नारच्या आखातात तुतिकोरिनची संशोधन संस्था दोन दशकं हे काम करते, पण सिमेंटच्या चौकटी, पाणबुडे, दर काही आठवड्यांनी साफसफाई आणि वर्षानुवर्षांच्या मोजमापासकट. तुकडा जरासा हलता राहिला तर बुडाशी मांस घासून जातं. शेवाळ खाणारे मासे नसतील तर महिन्याभरात तुकडा झाकला जातो. एकाच गोट्याचे शंभर तुकडे लावले तर ती शंभर भावंडं नाहीत, एकच जीव आहे. एका उष्णतेत सगळे एकदम जातात. फ्लोरिडात २०२३ च्या उन्हाळ्यात रोपवाटिकांमधलं प्रवाळ समुद्रातून उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावं लागलं होतं.

तुमच्या गटाला खरोखर उपयोगी पडेल असं काम म्हणजे नोंदी. अभयारण्यात मोजमापासाठी वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. मग दोन गोष्टी करा.

रंगाची नोंद: क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच उपक्रमाचा रंगतक्ता मिळतो, १ ते ६ छटांचा. प्रत्येक फेरीत किमान २० गोटे, प्रत्येकाची सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद छटा. त्याच ठिकाणी आकडा दोनने खाली आला तर ब्लीचिंग समजा. तक्ता प्रवाळाशेजारी धरून डोळ्यांनीच जुळवा. फोटोवरून नंतर ठरवू नका, पाण्याखाली लाल रंग आधी गळतो आणि कॅमेरा आपल्या मनाने रंग सुधारतो. आणि पांढरे दिसले तेवढेच गोटे निवडू नका. पंखांचे दोन फटके मारून थांबा, समोर जो येईल तो घ्या.

आच्छादनाची नोंद: तळावर मोजायचा टेप ताणून २० मीटरच्या चार पट्ट्या, दोन पट्ट्यांत ५ मीटर अंतर, दर ५० सेंटीमीटरला खाली काय आहे ते लिहायचं. एका पट्टीवर ४० बिंदू, एकूण १६०. चोवीस बिंदूंवर जिवंत कठीण प्रवाळ आलं तर १५ टक्के. टेप लाटेने झुलतो आणि माणूस नकळत प्रवाळाकडे झुकतं माप देतो, म्हणून दोरीला छोटा नट बांधून गवंड्याच्या ओळंब्यासारखा सोडा, तो टेकेल ते लिहा. खळग्यांची नक्षी अजून दिसणारं मेलेलं प्रवाळ वेगळं, झिजलेला खडक वेगळा, १५ सेंटीमीटरपेक्षा लहान सुटे तुकडे म्हणजे खडी. पाच सेंटीमीटरहून लहान जिवंत गोटे वेगळे मोजा, पुढची पिढी येतेय का ते तिथेच दिसतं.

फेऱ्या पाऊस संपून पाणी निवळल्यावर एक, मार्चअखेर एक, मेच्या मध्यावर एक. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त आणि पाणी गढूळ. दिसण्याचं अंतर दोन मीटरपेक्षा कमी असेल तर त्या दिवशी मोजू नका, ते आकडे पुढे तुम्हालाच फसवतील.

बोटवाल्यांशी बोलताना प्रवाळावर व्याख्यान देऊ नका. खडकावर नांगर टाकण्याऐवजी कायमचा बोया बसवून त्याला बोट बांधता येईल का, एवढंच विचारा. नांगर अडकून दोर कापावा लागतो, हा त्यांचाही खर्च आहे.