चार वर्षांच्या मुलीला गाई-म्हशीचे दूध द्यावे की बदाम-ओट्सचे?

तुमच्या प्रश्नावरून परिस्थिती अशी दिसते. मुलगी चार वर्षांची आहे, घर पूर्ण शाकाहारी आहे, इंदिरानगरला तुमच्याकडे गवळ्याचा म्हशीच्या दुधाचा रतीब आहे, सकाळी ते दूध प्यायल्यावर शाळेत जाईपर्यंत तिचे पोट दुखू लागते, आणि ओळखीच्या एका पालकांनी बदामाचे किंवा ओट्सचे दूध सुरू करण्याचा सल्ला दिला आहे. मी नाशिक रोड भागात लहान मुलांच्या आहाराविषयी सल्ला देण्याचे काम करते आणि हा प्रश्न अलीकडे वरचेवर कानावर येतो. माझे मत असे आहे की पोटदुखीचे कारण कळल्याशिवाय दूध कायमचे सोडवू नये, आणि सोडवावेच लागले तर त्याची जागा बदामाचे किंवा ओट्सचे दूध भरून काढील असे धरून चालू नये.

कारण शोधताना दोन गोष्टींची गल्लत होते. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही एक, आणि दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणे ही दुसरी. ॲलर्जी बहुधा पहिल्या वर्षातच दिसते: अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा डोळे सुजणे, लगेच उलटी होणे, तान्ह्या बाळाच्या शीमध्ये रक्त दिसणे. असे काही होत असेल तर घरी कोणताही प्रयोग न करता दूध थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे. ‘गाईचे सोसत नाही तर शेळीचे द्या’ हा आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला अशा मुलांच्या बाबतीत धोक्याचा ठरू शकतो, कारण दोन्ही दुधांतील प्रथिने बरीचशी सारखी असतात. ‘ए २’ म्हणून विकले जाणारे महागडे दूधही इथे उपयोगाचे नाही.

लॅक्टोज न पचण्याचा प्रकार वेगळा आहे. त्यात दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांत पोट फुगते, कळ येते, कधी पातळ शी होते. दही किंवा ताक मात्र बहुतेकांना सोसते, कारण विरजणातील जिवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवलेला असतो. मोठ्या जुलाबानंतर लहान मुलांना हा त्रास काही दिवस होतो आणि आतडे सावरले की जातो. तुमच्या मुलीला मध्यंतरी जुलाब झाले होते का, हे आठवून पाहा.

तिसरी शक्यता अगदी साधी आहे आणि ती मी सर्वांत आधी तपासून पाहीन. रतिबाच्या म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, आणि रिक्षा दारात उभी असताना उपाशी पोटी पेलाभर दाट दूध घाईने पोटात गेले, तर चार वर्षांच्या मुलीला ते जड जाणे स्वाभाविक आहे. दोन आठवडे सकाळचा पेला बंद ठेवा. त्याऐवजी पोळी किंवा उपमा द्या, दूध संध्याकाळी, साय काढून आणि अर्धाच पेला द्या, दुपारच्या जेवणात घरचे दही ठेवा. पोटदुखी गेली तर दुसरे कोणतेही दूध शोधण्याचे कारण उरत नाही.

आता बदामाच्या दुधाविषयी. दुकानात खोका हातात घेतलात तर पुढचे चित्र सोडून मागची बारीक अक्षरे वाचा. कित्येक खोक्यांवर बदामाचे प्रमाण दोन-तीन टक्के लिहिलेले असते. तीन टक्के धरले तरी २०० मिलिलिटरच्या पेल्यात सहा ग्रॅम बदाम येतात, म्हणजे जेमतेम पाच बदाम, आणि त्यातून मिळणारी प्रथिने सव्वा ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच गाईच्या दुधात सहा ते सात ग्रॅम प्रथिने आणि सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पाच बदाम रात्री भिजवून सकाळी ठेचून दिले, तर तोच ऐवज कितीतरी स्वस्तात मिळतो. ओट्सच्या दुधात प्रथिने थोडी अधिक असली तरी ती गाईच्या दुधापेक्षा कमीच असतात. तांदळाच्या दुधाबाबत तर ब्रिटनच्या आरोग्यसेवेने पाच वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे म्हटले आहे, कारण तांदळातील आर्सेनिक त्यात उतरते.

सोयाबीनचे दूध तेवढे वेगळे काढावे लागते. प्रथिनांच्या बाबतीत ते गाईच्या दुधाच्या जवळ जाते, आणि अमेरिकेतील बालरोग व आहारविषयक संस्थांनी २०१९ मध्ये एकत्र येऊन पाच वर्षांखालील मुलांसाठी जी शिफारस केली, तिच्यातही ॲलर्जी किंवा आहाराची निवड यांसारख्या कारणाने दूध बंद असेल तर कॅल्शियम व जीवनसत्त्वे मिसळलेले सोयाबीनचे दूधच पर्याय म्हणून मान्य केले आहे. हे मिसळलेले असणे महत्त्वाचे आहे. घरी सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून केलेल्या दुधात प्रथिने येतात. पण कॅल्शियम फारसे येत नाही आणि बी १२ तर येतच नाही. शिवाय ते नीट उकळले नाही तर पचायला बाधक ठरते. विकतचे आणाल तर साखर न घातलेले निवडा आणि दर वेळी खोका जोरात हलवा, कारण मिसळलेले कॅल्शियम तळाशी बसते. दुधाच्या ॲलर्जीच्या काही मुलांना सोयाबीनही चालत नाही, तेव्हा पहिल्यांदा अगदी थोडे द्यावे.

दुधाचा पेला म्हणजे मुलाचा सगळा आहार नव्हे, हे मला आजी मंडळींना वारंवार सांगावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दीड पेला दूध आणि वाटीभर दही यांतून त्याचा बराचसा भाग भागतो. उरलेल्यासाठी आपला जिल्हा समृद्ध आहे: पेठ-सुरगाण्याकडची नागली शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देते, आणि तीळ तर हजाराच्याही वर जातात. नागलीची लहानशी भाकरी आणि तिच्यावर चमचाभर तिळाची चटणी, हा माझा आवडता सल्ला आहे. धान्य आणि तिळातील सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही हे खरे, म्हणून केवळ नागलीवर विसंबून दूध-दही सोडू नये. पण दुधाचा आग्रह कमी करण्याइतका आधार ती नक्की देते.

तो आग्रह कमी करायलाच हवा. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणारी मुले जेवत नाहीत, त्यांना बद्धकोष्ठ होतो आणि रक्तही कमी होते, कारण दुधात लोह नगण्य असते आणि दुधातील कॅल्शियम जेवणातल्या लोहाचे शोषण मंदावते. दुधात टाकायच्या चॉकलेटी पावडरींनी हे भरून निघत नाही, साखर तेवढी वाढते.

दोन आठवड्यांच्या बदलानंतरही पोट दुखत राहिले, वजन वाढेनासे झाले किंवा दह्यानेही त्रास होऊ लागला, तर वजनाच्या नोंदी घेऊन डॉक्टरांना दाखवा. शाकाहारी घरात बी १२ मिळण्याचा मुख्य मार्ग दूध-दही हाच असतो. तेव्हा ही दोन्ही बंद करण्याची वेळ आलीच, तर बी १२ चे औषध कोणते, किती आणि किती दिवस द्यायचे, हे त्याच भेटीत विचारून घ्या.