कॉमिकची पानं काढायला आणि इंकिंगला कुठला कागद घ्यावा?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण अगदी हीच गत माझी झाली होती. झेरॉक्सच्या कागदावर पेन्सिल मस्त चालते, पण टाकाने इंकिंग, म्हणजे पेन्सिलवरून शाईच्या पक्क्या रेघा, करायला घेतलं की शाई फुटते, २४ पानांचं कॉमिक पूर्ण करायचंय, आणि आता वैतागून तुम्ही ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वॉटरकलर पॅड मागवायच्या बेतात आहात. थांबा, मागवू नका. म्हणजे पाण्याचे रंग करायचे असतील तर खुशाल मागवा, पण टाकासाठी नको.

मी मागवलं होतं. तेव्हा मी चिपळूणला होते, कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि डोक्यात एवढंच की जाड कागद म्हणजे चांगला कागद. पॅड आलं, टाकाला ‘जी’ (G) निब, म्हणजे कॉमिकवाले वापरतात ती लवचिक निब लावली, पहिली आडवी रेघ बरी आली, दुसरी वर ओढताना निबचं टोक कागदाच्या उंचवट्यात अडकलं आणि सुटताना असं उडालं की सगळ्या पानावर शाईचे शिंतोडे, माझ्या चष्म्यावरसुद्धा. अक्षरं तर अशी आली की मुंगी शाईत पडून चालत गेलीय. आमच्या काकांचा छापखाना होता, त्यांच्याकडे तो कागद घेऊन गेले. काकांनी तो उजेडात धरला, बोट फिरवलं आणि चक्क कोपऱ्याला जीभ लावली. म्हणाले, खळ उत्तम आहे गं, पण दाणा बघ की केवढा, ह्याच्यावर टाक कसा चालायचा.

तर हे दोन शब्द धरून ठेवा, खळ आणि दाणा. जीएसएम नंतर.

खळ म्हणजे कागद बनवताना लगद्यात मिसळलेला किंवा वरून दिलेला असा पदार्थ जो पाणी लगेच आत शिरू देत नाही. स्टार्च असतं, जिलेटिन असतं, काही रासायनिक असतात. खळ कमी असेल तर शाई धाग्याधाग्यातून पळते, त्यालाच आपण फुटणं म्हणतो. काकांचा जिभेचा प्रकार त्यासाठीच होता, ओला केलेला ठिपका लगेच काळपट पारदर्शक झाला आणि मागे दिसला तर खळ कमी, थोडा वेळ वरच राहिला तर बरी. (दुकानात मात्र बोट ओलं करून टेकवा, जीभ लावलीत तर दुकानदार परत उभं करणार नाही.)

दाणा म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा. पेन्सिलला थोडा दाणा लागतो, नाहीतर ग्रॅफाईट धरत नाही. निबला दाणा नको असतो. ब्रशला मध्यम दाणा आवडतो, कारण कोरडा ब्रश ओढला की तुटक सुंदर पोत येतो, आणि अगदी गुळगुळीत कागदावर ब्रशची शाई वाळायला वेळ लावते, मग तळहाताने फासली जाते. बारीक टोकाची पिगमेंट पेनं, ०.०५ मिमी वगैरे, दाणेदार कागदावर आठवड्याभरात बोथट होतात. म्हणून एकच एक बेस्ट कागद कुणी सांगत असेल तर त्याला आधी विचारा की तू काढतोस कशाने.

आपल्याकडे ही गोष्ट काही नवीन नाही बरं का. जुन्नर आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात जो हातकागद व्हायचा त्याला खळ लावून वाळवायचे आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचे, बोरू अडकू नये म्हणून. मोडी कागदपत्रांवरची ती सलग धावती ओळ घोटलेल्या कागदावरच जमते. आजचा स्मूथ ब्रिस्टल (हा कागद खाली येतोच) म्हणजे कल्पना तीच, फक्त दगडाऐवजी रोलर. उलट आज जो हँडमेड पेपर म्हणून दुकानात मिळतो, फुलांच्या पाकळ्या घातलेला किंवा जाडाभरडा, तो बहुतेक घोटलेला नसतो, दिसायला झकास असतो पण निबची वाट लावतो. मी एकदा लग्नपत्रिकेसाठी त्यावर टाक चालवला आणि दर दोन अक्षरांनी निबमधून धागा उपटून काढत बसले.

आता प्रत्यक्ष कागद.

ब्रिस्टल म्हणजे कागदाचे थर एकमेकांना चिकटवून केलेला बोर्डासारखा कागद. त्यात दोन फिनिश असतात, स्मूथ म्हणजे प्लेट, आणि व्हेलम. नावावर जाऊ नका, व्हेलम म्हणजे इथे किंचित दाणा असलेला. टाक आणि पेनवाल्यांनी स्मूथ, ब्रश आणि पेन्सिलवाल्यांनी व्हेलम. स्ट्रॅथमोरच्या ३०० सिरीजचा ब्रिस्टल २७० जीएसएमचा असतो आणि पॅडवर १०० पौंड असं लिहिलेलं असतं, त्यामुळे गोंधळ होतो, कारण वॉटरकलरचा १४० पौंड म्हणजे ३०० जीएसएम, आणि मग वाटतं की १०० पौंड बराच पातळ असेल. तसं नाही, दोघांचं वजन वेगवेगळ्या आकाराच्या तावावरून मोजतात. जपानी मांगा पेपरवर (मांगा म्हणजे जपानी कॉमिक) ११० किलो, १३५ किलो असतं, ते १००० मोठ्या तावांचं वजन, जीएसएममध्ये साधारण १२८ आणि १५७. एवढ्या पातळ कागदावर जपानी लोक निबने आयुष्यभर काढतात, म्हणजे जाडीचं भूत आपल्याच डोक्यात आहे. त्यांचा कागद गुळगुळीत असतो आणि खळ पक्की, बस.

पण बाहेरचं पॅड महाग पडतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की २४ पानांच्या पहिल्या कॉमिकला ते घेऊच नये. महाग कागदावर हात आखडतो. चूक झाली तर पान फाडायची हिंमत होत नाही, मग वाईट चेहरा तसाच ठेवून पुढे जाता. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, नाहीतर तुमच्या गावातला छापखान्यांना कागद देणारा कुणीही, तिथे जाऊन सुटे ताव मागा. आयव्हरी शीट २०० ते २५० जीएसएममध्ये बघा, पण कोटिंग नसलेली. काही आयव्हरीला एका बाजूने चकाकी असते, त्यावर शाई आत जातच नाही, वरवर सुकते आणि खोडरबर फिरवला की निघून येते. आर्ट पेपर, आर्ट कार्ड तर अजिबात नको, तो छपाईचा कागद आहे. कार्ट्रिज पेपर, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला आपण वापरायचो तसला, पेन्सिलला छान असतो, इंकिंगला नशिबावर, एक गठ्ठा चांगला निघतो आणि पुढचा फुटतो. शेवटी काहीच नाही मिळालं तर १०० जीएसएमचा चांगला बॉण्ड पेपर घ्या, पेन्सिलचं पान खाली ठेवून लाईट बॉक्सवर (खालून दिवा असलेली काच) सरळ त्याच्यावर शाई करा, खोडायची भानगडच नाही. फक्त मोठे काळे भाग ब्रशने भरलेत तर तो पापडासारखा होणार. आणि २०० च्या वरच्या कागदातून लाईट बॉक्सवर खालचं नीट दिसत नाही, हेही लक्षात असू द्या.

दुकानदार २०० जीएसएम म्हणाला म्हणजे २०० असेलच असं नाही. ए४ ची १६ पानं जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर होतात, तेव्हा १६ पानं किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा, जेवढे ग्रॅम तेवढा जीएसएम. मी हे केलंय, काटा १६२ दाखवत होता आणि दुकानदार छताकडे बघत होता.

एकदम गठ्ठा घेऊ नका, दोन-तीन प्रकारचा एकेक ताव आणा आणि घरी छळ करा. निबने वर, खाली, आडवी, तिरकी रेघ, एक दाट हॅचिंगचा, म्हणजे जवळजवळ ओढलेल्या रेघांचा, चौकोन, ब्रशने रुपयाएवढा काळा ठिपका, मग शेजारच्या कोऱ्या जागी पेन्सिल करून तीनदा खोडायचं आणि खोडलेल्या जागी परत शाई. खरा निकाल इथे लागतो, कारण बरेच कागद कोरे असताना गुणी असतात आणि खोडल्यावर वरची खळ निघून जाऊन फुटायला लागतात. कागदाच्या दोन्ही बाजूंना करा, एक बाजू बहुतेक वेळा जास्त गुळगुळीत असते.

साईझबद्दल. अमेरिकन कॉमिकवाले ११ बाय १७ इंचावर काढतात, चित्राची जागा १० बाय १५. जपानी बी४ वर, म्हणजे ए४ पेक्षा मोठ्या आणि ए३ पेक्षा लहान कागदावर. तुम्ही छापणार ए५ असाल तर ए४ वर काढा, ए४ छापणार असाल तर ए३. ए३ वर काढून ए५ छापलंत तर रेघ निम्मी होते, ०.१ च्या पेनची नाजूक रेघ छापताना गायब. शिवाय ए३ स्कॅनर घरी कुणाकडे असतो, ए४ स्कॅनरवर अर्धं-अर्धं ६०० डीपीआयला स्कॅन करून जोडत बसावं लागतं, २४ पानं म्हणजे ४८ स्कॅन. मी केलंय, परत करणार नाही. तरी ११ बाय १७ च हवं असेल तर २३ बाय ३६ इंचाचा ताव घ्या, त्यात बरोबर चार पानं बसतात आणि कडेला थोडी पट्टी उरते, ती निब तपासायला. २४ पानं अधिक बिघडणारी धरून ४०, म्हणजे १० ताव. कापून तिथूनच घ्या, गिलोटिनवर सरळ कापला जातो, घरी पट्टी-कटरने कापलं की दहाव्या पानापर्यंत काटकोन हरवतो.

पावसाळा चालू असेल तर कागद प्लॅस्टिकमध्ये, आडवा, भिंतीपासून लांब. आमच्याकडे कोकणात जुलैत कागद हाताला ओला लागतो आणि शाई वाळत नाही. त्याहून वाईट म्हणजे दोन पावसाळे काढलेल्या कागदाची खळ जागोजागी मरते, वरून काहीच दिसत नाही, आणि अर्धं पान झकास झाल्यावर नेमकं नायिकेच्या डोळ्यावर शाई फुटते. माझ्या माळ्यावरच्या गठ्ठ्याने माझी अशी तीन पानं खाल्ली. हाताखाली एक कोरा कागद ठेवायची सवय लावा, तळव्याचं तेल लागलं की तिथे निब शाई सोडत नाही.

नव्या निबवर कारखान्याचं तेल असतं, त्यामुळे शाई थेंबाथेंबाने सुटते आणि माणूस कागदाला शिव्या देतो. जराशा टूथपेस्टने पुसून घ्या.

आणि खरं तर हे मी सगळ्यात वर विचारायला हवं होतं, तुम्ही शाई कुठली वापरताय? प्रश्नात नुसतं काळी शाई लिहिलंय. फाउंटन पेनची असेल तर ती पातळ असते, चांगल्या कागदावरही टाकातून फुटू शकते आणि वर पाण्याचा हात लागला की वाहते. तसं असेल तर वरचं सगळं तूर्त बाजूला ठेवा, वॉटरप्रूफ ड्रॉईंग इंकची एक बाटली आणा आणि तुमच्या त्याच झेरॉक्सच्या कागदावर एकदा परत रेघ ओढून बघा. काय झालं ते खाली लिहा, मग कागदाचं बघू.