‘हेक्झॅगॉन’ येतो, पण हाकेला ओ देत नाही

ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा. मी नोकरीला जाते, तो सासूबाईंजवळ असतो. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून सकाळी दहा ते एक टीव्हीवर मुलांचे शैक्षणिक व्हिडिओ चालू असतात. तो ‘हेक्झॅगॉन’ (षटकोन) म्हणतो, पाहुण्यांसमोर त्याचं कौतुक होतं. पण टीव्हीपुढे असला की हाकेला ओ देत नाही. एकच भाग पुन्हा पुन्हा लावायला लावतो. हे म्हणतात, शिकतोयच ना? नणंदेने घरात टीव्हीच ठेवलेला नाही. आम्हीही काढून टाकू का?
– स. क., चिंचवड

प्रिय स.,

टीव्ही राहू दे. तीन तासांचा एक तास मात्र कर, तोही सलग नको. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. आणि ऑटोप्ले आजच बंद कर. एक भाग संपला की पुढचा आपोआप पानात पडतो, मग पोट भरल्याचं पोराला कळणार कसं?

त्याआधी एक बघून घे. टीव्ही बंद असताना, तो खेळात असताना, मागून हाक मार. वळतो का? ‘मला आजीकडे जायचंय’ अशी स्वतःची वाक्यं बोलतो का? नसेल, तर बाकी सगळं राहू दे, बालरोगतज्ज्ञांची वेळ घे आणि कानही तपासून घे. वळत असेल, बोलत असेल, तर तो नुसता गुंगलेला असतो. क्रिकेट चालू असताना तुझे अहो तरी कुठे ओ देतात!

एकच भाग पुन्हा बघण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. अमेरिकेत १९९६ साली ‘ब्लूज क्लूज’ हा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा एकच भाग सलग पाच दिवस दाखवायचे, मुद्दाम. पहिल्या दिवशी मूल गप्प बघायचं, चौथ्या-पाचव्या दिवशी उत्तर ओरडून सांगायचं. सूत्रधारही प्रश्न विचारून चक्क थांबायचा. कार्यक्रम निवडताना मी हेच बघते, तो मुलासाठी थांबतो का? दर दोन सेकंदांनी चित्र बदलणारे, अखंड गाणारे व्हिडिओ थांबत नाहीत. त्यांच्यावर ‘शैक्षणिक’ असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो.

१९६९ च्या ‘सेसमी स्ट्रीट’ या तिथल्याच मुलांच्या कार्यक्रमात तर मोठ्यांना हसू येईल असे विनोद जाणूनबुजून घातले होते, आईबापांनी शेजारी बसावं म्हणून. आपल्याकडे २०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मुलांची मालिका लागायची. पहिली ते आठवीची मुलं घरच्यांना सोबत घेऊन, घरातल्याच वस्तूंनी काहीबाही करून बघायची. तुझा मुलगा त्यासाठी लहान आहे, पण कल्पना उचलायला काय हरकत?

म्हणजे असं. पाहुण्यांपुढे ‘हेक्झॅगॉन’ म्हणवून घेण्याऐवजी बाबांनी हत्यारांच्या डब्यातला एखादा मोठा नट त्याच्या हातात द्यावा. कडांवरून बोट फिरवत मोजू दे. रात्री भेंडी चिरताना एक चकती दाखव. तिला बहुतेक वेळा पाचच कडा निघतात. ‘हा हेक्झॅगॉन नाहीये!’ असं तो स्वतःहून म्हणाला, की समज टीव्हीवरचं डोक्यात उतरलं. नाही म्हणाला, तर दुसरी भेंडी घे, घाई कसली!

सासूबाईंच्या हातात मात्र वेळापत्रक ठेवू नकोस. दुखऱ्या गुडघ्यांनी साडेतीन वर्षांच्या पोरामागे धावून बघ म्हणजे कळेल. अर्धा अर्धा तास दोनदा टीव्ही लागला, तर तो त्यांचा हक्काचा विसावा आहे. उरलेल्या वेळासाठी बसून करायची कामं काढून ठेव: शेंगा सोलायच्या, रुमालांच्या घड्या घालायच्या, मोज्यांच्या जोड्या लावायच्या. भाग संपला की ‘आज काय झालं रे त्यात?’ एवढं विचारा म्हणावं. त्यांना त्यातलं काही कळलेलं नसेल तर उत्तमच, तो रंगवून सांगेल. त्यांची मालिका तो झोपल्यावर लावता आली तर बघ. टीव्ही नुसता मागे चालू असला, तरी घरातली माणसं मुलाशी कमी बोलतात.

– ताई

ता. क. नणंदेकडे टीव्ही नाही, छान. मोबाईल किती जणांकडे आहेत, हे विचारायच्या फंदात पडू नकोस.